जवसाचं तेल दर उन्हाळ्यात खवटतं: बिघडतं कुठे आणि थांबवायचं कसं

मार्चमध्ये नवा जवस घाण्यावर जातो, पाच-सात लिटर तेल घरी येतं, आणि मे अर्धा होत नाही तोच डब्याचं झाकण काढलं की सुतार खिडकीच्या काचेला लावतो त्या लांबीचा वास येतो. भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत, जवस घरचा आणि तेल घाण्याचं असलेल्या घरांत ही तक्रार दरवर्षीची. मग घाणेवाल्यानं भेसळ केली, यंदाचा दाणाच हलका होता, असं म्हटलं जातं. बहुतेक वेळा तेल घाण्यावरून चांगलंच आलेलं असतं. ते बिघडायला लागतं घरी, आणि तेही पहिल्या आठ-दहा दिवसांत. वास तेवढा उशिरा कळतो.

उशिरा कळण्याचं कारण आधी समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. तेलात निसर्गतःच थोडं व्हिटॅमिन ई असतं आणि हवेतल्या ऑक्सिजनचा पहिला मारा ते झेलतं. ते संपेपर्यंत तेलाला काहीच वास येत नाही, चवही ठीक लागते. ते संपलं की पुढचं बिघडणं भराभर होतं. म्हणून ‘परवापर्यंत चांगलं होतं, एकदम खवटलं’ असं वाटतं. एकदम काही झालेलं नसतं. आणि वास आल्यावर केलेला कोणताही उपाय तेल परत आणत नाही. कढवा, गाळा, लवंग टाका, गुळाचा खडा टाका, खवट तेल खवटच राहतं.

आता जवसच एवढा नाजूक का? त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो, ज्याला आपण ओमेगा-३ म्हणून ओळखतो. शेंगदाण्याच्या तेलात जास्त असतं ते ओलेइक आम्ल. ओलेइकचा ऑक्सिजन घेण्याचा वेग १ धरला, तर लिनोलेइक या तिसऱ्या आम्लाचा १० ते १२ आणि लिनोलेनिकचा २० ते २५ पडतो. जवसाचं तेल लाकडावर लावलं की वाळून कडक थर होतो, रंग आणि लांबी त्यापासून बनतात, ते याच गुणामुळे. त्यामुळे शेंगदाणा तेलाला चालणारी घरातली जुनी शिस्त जवसाच्या तेलाला लावली की ते हमखास बिघडतं.

त्यातली सगळ्यात नुकसानीची रीत म्हणजे तेलाला ऊन दाखवणं. घाण्यावर तेल काढताना दाण्याला पाण्याचा शिपका देतात, त्यामुळे तेलात ओलावा आणि गाळ येतो. तो खाली बसावा म्हणून परातीत किंवा उघड्या डब्यात तेल दोन-तीन दिवस अंगणात ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. तेल त्यानं नितळ दिसतं हे खरं. पण उष्णता, उजेड आणि हवा, तिन्ही एकाच वेळी आणि पसरट भांड्यात लागतात. घाण्याच्या तेलात थोडा हिरवा रंगद्रव्याचा अंश असतो. उजेड पडला की तोच ऑक्सिजनला जास्त आक्रमक करतो. अशा एका दुपारीत तेलाचं जेवढं आयुष्य जातं, तेवढं सावलीत झाकून ठेवल्यावर कित्येक दिवसांतही जात नाही. ऊन दाखवायचं ते दाण्याला, तेलाला कधीच नाही.

मग गाळ कसा बसवायचा? उंच आणि अरुंद, झाकणाचा स्टीलचा कॅन घ्या. तेल काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत जमिनीवर ठेवा आणि तीन दिवस हलवू नका. चौथ्या दिवशी सकाळी वरचं नितळ तेल काढून घ्या. खालची दोन बोटं तेल-गाळ तसाच राहू द्या, त्याचा मोह धरू नका. त्या गाळात दाण्याचे कण, जवसातला चिकट भाग आणि पाणी असतं, आणि बाटलीत तो गेला की तळातून तेल आंबट व्हायला लागतं. ताजा असेपर्यंत तो त्याच दिवशी चटणीत वापरता येतो किंवा ढेपेत मिसळून जनावरांना देता येतो.

तेल मलमलच्या कापडातून थेंबथेंब गाळत ठेवायचं टाळा. प्रत्येक थेंब हवेतून खाली येतो, तासभर हेच चालतं, आणि आपण नकळत हवा घुसळत असतो. नरसाळ्याच्या खाली स्वच्छ नळी लावून तिचं टोक बाटलीच्या तळाला टेकवा आणि तेल सावकाश ओता. फेस आला नाही, बुडबुडे उठले नाहीत, की बरोबर जमलं. छोट्या घरगुती यंत्रावर तेल काढत असाल तर ते गरमच बाहेर पडतं. गरम तेलावर लगेच बूच लावू नका, आत वाफ धरते आणि थंड झाल्यावर तिचं पाणी होऊन तळाला बसतं. कापड झाकून आधी निवू द्या.

भांडं कोणतं

पितळेची बुधली, कल्हई गेलेला पितळी डबा, गंजलेला टिनाचा पिपा: या तिघांना जवसाच्या तेलापासून लांब ठेवा. तांबं आणि लोखंड यांचा अगदी सूक्ष्म अंश तेलात उतरला तरी खवटण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो, आणि पितळेत तांबंच जास्त. आजीच्या वेळी चालायचं, कारण तेव्हा तेल आठ-पंधरा दिवसांचं काढायचे आणि भांड्याला दरसाल कल्हई व्हायची. आता कल्हईवाला गावात फिरकत नाही आणि तेल सहा महिन्यांचं भरलेलं असतं.

प्लास्टिकच्या पातळ बाटलीतून हवा थोडीथोडी आत झिरपत राहते. पंधरा दिवसांपुरतं चालेल, साठवणीला नको. कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या बुचात जुना वास बसलेला असतो, तो तेल लगेच ओढून घेतं. आणि फवारणीच्या औषधाचा डबा, मग तो कितीही धुतलेला असो, खायच्या कोणत्याही वस्तूला वापरू नका. तो भोकं पाडून निकामी करायचाच.

चांगलं भांडं म्हणजे २०० ते २५० मिलीची तपकिरी काचेची बाटली, फिरकीच्या झाकणाची. साधी पांढरी काच असेल तर बाहेरून काळं कापड किंवा वर्तमानपत्राचे तीन-चार पदर गुंडाळून दोऱ्यानं बांधा. स्टीलची फिरकीच्या झाकणाची बाटलीही उत्तम, फक्त झाकणातली रबरी किंवा सिलिकॉनची चकती शाबूत पाहिजे. नुसता दाबून बसणारा स्टीलचा डबा दिसायला घट्ट असतो, हवा मात्र खुशाल आत-बाहेर करते.

मोठ्या बरणीऐवजी छोट्या बाटल्या का, ते हिशेबानं पटेल. १ लिटरच्या बाटलीत तेल निम्मं उरलं की वर अर्धा लिटर हवा असते. त्यात साधारण १०५ मिली ऑक्सिजन असतो. तो सगळा खालच्या अर्ध्या लिटर तेलानं शोषून घेतला तर तेलाचा पेरॉक्साइड आकडा १७-१८ पर्यंत चढतो. हा आकडा म्हणजे तेल किती ऑक्सिजन खाऊन बसलं आहे त्याचं माप, आणि घाण्याच्या तेलासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात त्याची वरची मर्यादा १५ आहे. म्हणजे अर्धी बाटली एकदाही न उघडता ठेवली, तरी तिच्यातली हवाच तेलाला मर्यादेपलीकडे न्यायला पुरेशी. इथे तर बाटली दिवसातून दोनदा उघडते, दरवेळी नवी हवा आत जाते.

पाच माणसांच्या घरात प्रत्येकी एक छोटा चमचा धरला तर दिवसाला २५ मिली, म्हणजे २०० मिलीची बाटली आठ दिवसांत संपते. एक चालू बाटली, बाकीच्या बंद. प्रत्येक बाटलीवर पट्टी चिकटवून तेल काढल्याची तारीख लिहा. तेल गळ्यापर्यंत भरा, पण अगदी बुचापर्यंत नको. तेल तापलं की फुगतं. ५ अंशांवरून ४५ अंशांवर गेलं तर लिटरमागे २५ ते ३० मिली वाढतं आणि बूच ढिलं करून पाझरतं. २०० मिलीच्या बाटलीत बोटभर जागा सोडली की पुरे. शेवटची बाटली अर्धीच भरत असेल तर स्वच्छ धुऊन वाळवलेल्या काचेच्या गोट्या आत सोडा, तेलाची पातळी वर येते आणि तेवढी हवा कमी होते.

जुन्यात नवं

दरवर्षी तेल काढूनही दरवर्षी तेच होतं, याचं एक मोठं कारण म्हणजे तोच डबा. तळात गेल्या वर्षीचं चार बोटं तेल शिल्लक असतं, त्यावर नवं ओतलं जातं. किंवा डबा नुसता पुसून घेतात आणि काठाला बसलेला पिवळा चिकट थर तसाच राहतो. हे जुनं तेल नव्या तेलात विरजणाचं काम करतं. त्यातली पेरॉक्साइडं, म्हणजे ऑक्सिजन खाऊन तयार झालेली द्रव्यं, नव्या तेलाला पहिल्याच दिवशी कामाला लावतात आणि व्हिटॅमिन ई झपाट्यानं खर्च होतं.

डबा किंवा बाटली धुताना साध्या साबणानं हा थर निघत नाही, कारण तो आता तेल राहिलेला नसतो, वॉर्निशसारखा घट्ट झालेला असतो. १ लिटर कडक गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा, भांडं काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. काचेला आधी कोमट पाण्यानं सवय द्या, नाहीतर तडकेल. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा लावू नका, ते काळं पडतं. हातांची आग होऊ नये म्हणून हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला. सकाळी मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून जोरात हलवा, ब्रशनं गळा घासा, दोन-तीन पाण्यांनी धुवा. मग उपडी टांगून पूर्ण एक दिवस वाळवा. आत एक थेंब पाणी दिसत असेल तर तेल भरू नका. एवढं करूनही गळ्याशी पिवळी कड राहिली तर ती बाटली तेलाला नको, दुसऱ्या कामाला लावा. झाकणाची चकती चिकट किंवा पिवळी झाली असेल तर बदला. चकतीतच खवट वास सगळ्यात जास्त मुरतो. लाकडी बूच याच कारणानं टाळावं.

ठेवायचं कुठे

उष्णतेचा ढोबळ नियम असा की दर १० अंशांना बिघडण्याचा वेग दुप्पट होतो. २५ अंशांवर जे तेल दोन महिने टिकेल ते ४५ अंशांवर पंधरा दिवसच. ब्रह्मपुरी, चंद्रपूर, नागपूर इथे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनपत्र्याच्या खोलीत फडताळाचा वरचा खण म्हणजे त्याहूनही जास्त. तेलाचा डबा तिथेच असतो, कारण पोरांच्या हाताला लागू नये. किंवा चुलीशेजारी असतो, कारण हाताशी हवा. दोन्ही जागा बदला.

फ्रिज असेल तर विचार करायचं कारण नाही, जवसाचं तेल फ्रिजमध्येच. ते शून्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय गोठत नाही, ओतायला तसंच पातळ राहतं. दारातल्या कप्प्यात नको, तिथे प्रत्येक उघडझापीला गरम हवा लागते आणि दिव्याचा उजेडही पडतो. मागच्या बाजूला, खालच्या खणात ठेवा. दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायच्या बंद बाटल्या बर्फाच्या कप्प्यात चालतात. पाणी गोठताना फुगतं, तेल थंड होताना आकसतं, त्यामुळे बाटली फुटत नाही. लाईन सहा-आठ तास गेली तरी भरलेल्या बाटल्या लवकर तापत नाहीत, फक्त तेवढा वेळ दार उघडू नका. बाटल्या थर्माकोलच्या छोट्या पेटीत घालून फ्रिजमध्ये ठेवल्या तर लाईनच्या खेळाचा त्रास आणखी कमी.

फ्रिजमध्ये ठेवूनही तेल बिघडतं, अशीही तक्रार असते. तिथे दोनच गोष्टी बघा. एक, फ्रिजमध्ये जाण्याआधी तेल किती दिवस बाहेर होतं. दोन, पावसाळ्यात थंड बाटली बाहेर काढून उघडी ठेवली जाते का. गार काचेवर आतून दव धरतं, ते पाणी तेलात उतरतं आणि तळाला पांढुरका थर दिसू लागतो. बाटली काढा, हवं तेवढं घ्या, लगेच बूच लावून परत ठेवा. चमचा ओला असेल तर अजिबात आत घालू नका.

फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात दोन माठांची जुगत चांगली चालते. मोठ्या माठात तळाला चार बोटं रेती घाला, त्यावर छोटा माठ ठेवा, मधली फट रेतीनं भरा आणि रेती सकाळ-संध्याकाळ ओली करा. आतल्या माठात बाटल्या उभ्या ठेवून वर ओलं गोणपाट टाका. वारा लागेल अशा सावलीच्या जागी, ओसरीवर किंवा खिडकीशी ठेवा, कोपऱ्यात कोंडू नका. पाणी उडालं तरच गारवा येतो. एप्रिल-मेची आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यामुळे बाहेर ४३-४४ असताना आत तिशीच्या खाली उतरतं. थर्मामीटर ठेवून एकदा खात्री करून घ्या. मृग लागला, हवेत दमटपणा आला, की ही जुगत बंद पडते. तेव्हा बाटल्या काढून मातीच्या भिंतीच्या किंवा कवेलूच्या घरात मधल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीशी, जमिनीलगत ठेवा. धान्याच्या कोठीत बाटली पुरून ठेवायची असेल तर त्यात कीड मारायच्या गोळ्या टाकलेल्या नसाव्यात, ही अट पक्की.

दाणा साठवा, तेल नको

वरचं सगळं नीट केलं तरी जवसाच्या तेलाला मर्यादा आहेच. न उघडलेली, गळ्यापर्यंत भरलेली बाटली फ्रिजमध्ये तीन-चार महिने, उघडलेली चार ते सहा आठवडे. मेच्या उन्हाळ्यात नुसत्या खोलीत पंधरा दिवससुद्धा भरवसा नाही. आणि तेच तेल दाण्यात असताना वर्षभर काही होत नाही. दाण्याचं टरफल गुळगुळीत आणि घट्ट असतं, ते आतल्या तेलाला हवा लागू देत नाही. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की वर्षाचं तेल एकदम काढायची पद्धतच सोडावी. जवस साठवावा, तेल महिन्याचं काढावं.

अडचण एवढीच की घाणेवाला थोडक्या दाण्यासाठी घाणा लावत नाही. त्यावर सोपा मार्ग म्हणजे चार घरांनी मिळून जाणं. जवसात ३५ ते ४५ टक्के तेल असतं, पण घाण्यातून सगळं निघत नाही, बरंच ढेपेत राहतं. १० किलो दाण्यामागे ३ किलो तेल धरून चाला. जवसाच्या तेलाचा १ लिटर म्हणजे साधारण ९३० ग्रॅम, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आत-बाहेर. चार घरांत वाटलं तर प्रत्येकाला ८०० मिली, चार छोट्या बाटल्या, महिन्याची सोय. ढेपही वाटून घ्या.

दाणा ठेवताना तो कडक वाळलेला पाहिजे, दाताखाली कट् वाजला पाहिजे. फुटका दाणा, काडीकचरा चाळून-पाखडून काढा. फुटलेल्या दाण्यात तेल उघडं पडलेलं असतं, आणि मूठभर फुटका खवट दाणा सगळ्या घाण्याच्या तेलाची चव बिघडवतो. उतेऱ्याच्या, म्हणजे उभ्या धानात पेरलेल्या, जवसात धानाचा भुसा आणि बारीक माती जास्त येते, तो दोनदा चाळावा. घाण्यावर सकाळी लवकर जा. आधीच्या गिऱ्हाईकाचा माल खवट असू शकतो, म्हणून आपला घाणा सुरू झाल्यावर निघालेलं पहिलं पाव-अर्धा लिटर वेगळं धरा आणि ते आधी वापरून टाका. परत येताना कॅन ओल्या गोणपाटात गुंडाळा. मोटरसायकलच्या टाकीवर किंवा ट्रॅक्टरच्या बोनटजवळ ठेवून दुपारी बारा वाजता तेल आणलं, तर पुढच्या काळजीत फारसा अर्थ राहत नाही.

ओळखायचं कसं

नवं तेल घरी आल्याच्या दिवशीच ५० मिली छोट्या बाटलीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. पुढे शंका आली की त्याच्याशी ताडून बघा, नाक रोज तोच वास घेऊन सरावतं आणि फसतं. एका वाटीत एक चमचा तेल घ्या, ती वाटी कोमट पाण्यावर ठेवून वर ताटली झाका, पाच मिनिटांनी ताटली काढून वास घ्या. ताज्या तेलाला भाजलेल्या दाण्याचा, हलका गवतासारखा वास असतो. लांबी, ऑइलपेंट किंवा मासळीचा वास आला तर ते खाण्यातून बाद.

वास ठीक पण चव कडू, असंही होतं. जवसाच्या तेलात काही पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांसारखे छोटे घटक, असतात, साठवणीत त्यांच्यावर ऑक्सिजनचा परिणाम होऊन कडूपणा येतो आणि तो खवटपणाच्या आधीही येऊ शकतो. अशी बाटली आठवड्यात संपवा, मुरवू नका. घशाशी खवखव आणि आंबटपणा जाणवला तर दोष हवेपेक्षा पाण्याचा: गाळ नीट बसला नव्हता किंवा बाटली ओली होती. तेल धूसर आहे पण वास-चव ताजी, तर तो गाळच आहे. आणखी दोन दिवस स्थिर ठेवून नितळ करा. वर साय धरल्यासारखा पातळ पापुद्रा दिसला, गळ्याशी बूच चिकटलं, तर तेल वाळायला लागलं आहे, ते परत सुधारत नाही.

व्हिटॅमिन ईच्या गोळ्या फोडून तेलात टाकायचा उपाय सध्या बराच सांगितला जातो. मेडिकलमधल्या त्या गोळ्यांत बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असतं. शरीरात गेल्यावर त्याचं व्हिटॅमिन ई होतं, बाटलीत होत नाही, त्यामुळे तेलाला त्याचा आधार मिळत नाही. मिठाचा खडाही हवा अडवत नाही. त्यापेक्षा चौथा हिस्सा तिळाचं ताजं तेल मिसळा, तिळातली नैसर्गिक द्रव्यं वेग थोडा तरी कमी करतात. आणि फोडणीला वापरून कढईत उरलेलं तेल बाटलीत परत ओतू नका. न शुद्ध केलेलं जवसाचं तेल १०७ अंशांच्या आसपासच धुरायला लागतं. ते भाकरीवर, चटणीवर, वरणावर वरूनच घ्यावं.

बाकी तेलांना एवढी धास्ती नाही. शेंगदाणा आणि तीळ तपकिरी बाटलीत, थंड जागी सहा महिने सहज जातात. करडई मधली, तिला तीन-चार महिने धरा. लडाख-हिमाचलकडे गेलेली मंडळी जर्दाळूच्या बियांचं तेल आणतात, हिमाचलात ते चुल्लीचं तेल म्हणून ओळखलं जातं आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. त्यात ओलेइक ६० ते ७० टक्के आणि लिनोलेनिक नाममात्र, त्यामुळे ते जवसापेक्षा कितीतरी दमदार. उघडल्यावर फ्रिजमध्ये सहा महिने चालतं. त्याला कडू बदामासारखा वास असतो तो मूळचाच. तो हळूहळू उडाला म्हणजे तेल बिघडलं असं नाही, मेणाच्या खडूसारखा वास आला की बिघडलं. ड्रॉपर बाटलीत लावून ठेवू नका, तेलानं त्याचं रबर मऊ पडून तेलात उतरतं. साधं फिरकीचं झाकण लावा. वर ‘खाद्य’ असं लिहिलेलं नसेल तर ते अंगाला-केसांनाच लावायचं. कडू जर्दाळूच्या बिया तर घरी फोडून खाऊच नयेत, त्यातून पोटात सायनाइड तयार होतं.

जे जवसाचं तेल खवटलं ते जनावरांच्या ढेपेतही घालू नका. लाकडाला मात्र ते उत्तम. कुऱ्हाडीचा, फावड्याचा दांडा, बंडीचं जू, दाराची चौकट: कोरड्या कापडानं पातळ हात फिरवा, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून घ्या, तीन दिवस सावलीत वाळू द्या. जाड थर दिला तर महिनाभर चिकट राहतो.

पुसायला वापरलेल्या चिंध्यांकडे मात्र कानाडोळा करू नका. जवसाच्या तेलात भिजलेलं कापड वाळताना स्वतःच तापतं, आणि बोळा करून कोपऱ्यात फेकलं तर ती उष्णता आतच साठून काही तासांत आपोआप पेट घेऊ शकतं, काडी न लावता. कुटार, तणस, तुराट्या शेजारी असतील तर पुढचं सांगायला नको. काम संपलं की चिंध्या लगेच बादलीभर पाण्यात बुडवा, किंवा अंगणात तारेवर एकेक पदर सुटा करून वाळवा, बोळा वा घडी नाही. वाळून खडखडीत कडक झाल्या की मग टाका.